जुना मॅसी १०३५ मुलीसोबत पुन्हा चालू करायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

माळरान (बार्शी):

नमस्कार. माझ्या वडिलांनी १९८६ साली घेतलेला मॅसी फर्ग्युसन १०३५ ट्रॅक्टर आमच्या वस्तीवरच्या शेडमध्ये उभा आहे. अण्णा गेल्यानंतर शेतीची कामे भाड्याच्या ट्रॅक्टरने होऊ लागली आणि हा जागचा हलला नाही. या गोष्टीला आता दहा वर्षे होत आली. भंगारवाले अधूनमधून येतात आणि किलोच्या भावाने मागून जातात. माझी मुलगी आठवीत आहे. या सुट्टीत आपण दोघांनी मिळून हा ट्रॅक्टर दुरुस्त करावा असा आग्रह तिने धरला आहे आणि तो मला मनापासून पटला आहे. त्यामुळे ट्रॅक्टर चालू होणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो तिच्या हातून चालू होणेही महत्त्वाचे, हे लक्षात घेऊन कृपया मार्गदर्शन करावे.

सध्याची अवस्था अशी आहे. क्रँकपुलीच्या नटाला पाना लावून जोर दिला तरी इंजिन हलत नाही. डिझेलच्या टाकीच्या तळाशी काळपट गाळ साचला आहे. एअर क्लीनरच्या नळीत उंदरांनी चिंध्या आणि कडबा भरून ठेवला होता. तेवढा आम्ही काढला आहे. रेडिएटर कोरडा आहे. गीअरपेटीतले तेल पांढुरके झाले आहे, म्हणजे त्यात पाणी शिरले असावे. मागच्या टायरना भेगा पडल्या आहेत आणि डावा ब्रेक चिकटलेला आहे. चेंबरमधले (इंजिनाच्या तळाच्या टाकीतले) ऑइल काळे आहे, पण त्यात पाणी दिसत नाही. बॅटरी अर्थातच गेली आहे.

विहिरीवरची मोटार, स्टार्टर, ठिबकची जोडणी अशी कामे मी स्वतः करतो, परंतु इंजिन कधी उघडलेले नाही. माझे प्रश्न असे: पहिले काम कोणते करावे आणि कोणते मुळीच करू नये? कोणती कामे वर्कशॉपकडे द्यावीत? मुलीला कोणती कामे निर्धोकपणे देता येतील? तिला केवळ "पाना आण, चिंधी दे" असे सांगण्यात मला रस नाही. बॉनेटच्या बाजूला अण्णांनी गावातल्या पेंटरकडून "श्री भगवंत प्रसन्न" असे लिहून घेतले होते, ते पुसट झाले आहे. रंग नव्याने द्यावा की आहे तसा ठेवावा? शिवाय गाडीची नोंदणी अजून अण्णांच्याच नावावर आहे.

जुना फिटर (सांगली):

तुमचा ट्रॅक्टर दुरुस्त होण्याजोगा दिसतो. चेंबरमध्ये पाणी नाही ही फार मोठी जमेची बाजू आहे. दुसरी जमेची बाजू म्हणजे गाडीचे घराणे. १०३५ हा मॅसीच्या ३५ आणि १३५ या मॉडेलांच्या वंशातला आहे. त्याचे तीन सिलिंडरचे इंजिन चेन्नईच्या सिम्पसन कंपनीने पर्किन्सच्या रचनेवरून बनवलेले आहे आणि त्याचे सुटे भाग आजही तालुक्याच्या गावी मिळतात.

सर्वांत आधी काय करू नये ते सांगतो. नवी बॅटरी आणून सेल्फ मारू नका आणि दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून ओढून चालू करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. पिस्टनच्या रिंगा लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याला) गंजाने धरलेल्या असतात, व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटलेले असतात आणि अशा वेळी जोर लावला की रिंग तुटते किंवा पुशरॉड वाकतो. दहा वर्षे थांबलेल्या इंजिनाला आणखी पंधरा दिवस थांबवण्यात काहीच बिघडत नाही.

पहिले काम म्हणून डिझेल पंप उतरवा. इंजिन हलवण्याच्या आधी पंप का, हे मुलीला नीट समजावून सांगा, कारण या ट्रॅक्टरची निम्मी गोम तिथे आहे. याचा पंप रोटरी जातीचा आहे. त्यातला रोटर आपल्या बाहीत इतका तंतोतंत बसवलेला असतो की दोन्ही भाग जोडीनेच बनवतात आणि जोडीनेच बदलतात. या रोटरला वंगण म्हणून दुसरे काही मिळत नाही. आतून वाहणारे डिझेल हेच त्याचे वंगण. डिझेल वर्षानुवर्षे तसेच राहिले की त्याचा चिकट थर बसतो आणि पाण्याचा अंश असेल तर गंज धरतो. रोटर असा चिकटलेला असताना तुम्ही इंजिन फिरवले, तर इंजिन मोकळे होईल, पण पंपाच्या आतला शाफ्ट तुटेल. उतरवण्यापूर्वी पंपाच्या फ्लँजवरची आणि इंजिनावरची खूण एका रेषेत आहे का ते पाहा. खूण दिसत नसेल तर टोकदार सळईने दोन्हींवर मिळून एक रेघ ओढा. शाफ्टच्या दात्यांमध्ये एक दाता इतरांपेक्षा वेगळा असतो, त्यामुळे पंप परत बसवताना तो एकाच प्रकारे बसतो. टायमिंग चुकेल याची धास्ती नको. पंप घरी अजिबात उघडू नका. टेस्ट बेंच असलेल्या पंपवाल्याकडे तो द्या आणि तिन्ही नोझलही त्याच्याकडूनच तपासून घ्या.

नोझल काढल्यावर जी भोके मोकळी होतात, त्यांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे समप्रमाणातले मिश्रण चहाचा कपभर ओता, भोकांवर स्वच्छ कापडाचे बोळे लावा आणि आठवडाभर तसेच राहू द्या. पातळी खाली गेली तर पुन्हा ओता. दरम्यान रॉकर कव्हर काढून प्रत्येक व्हॉल्व्ह रबरी हातोडीने हलकेच दाबून पाहा. दाबल्यावर तो स्प्रिंगच्या जोराने लगेच वर आला पाहिजे. जो रेंगाळतो, त्याच्या दांड्यावर तेच मिश्रण सोडत राहायचे. हे सर्व झाल्यावरच क्रँकच्या नटाला पाना लावा, आणि एकाच दिशेने रेटण्याऐवजी थोडे पुढे, थोडे मागे असे करा. सुरुवातीला केसभर हालचाल झाली तरी ती मोठी समजा. आठवड्यानंतर, पुन्हा मिश्रण ओतल्यानंतरही इंजिन जागचे हलले नाही, तर हेड उतरवावे लागेल. लायनर खराब निघाले तर ते दाबून काढणे, बसवणे आणि बोअर मापणे ही कामे वर्कशॉपची आहेत.

पान्यांबद्दल एक महत्त्वाची सूचना. या गाडीचे बहुतेक नटबोल्ट इंची मापाचे आहेत. मिलिमीटरचा पाना "जवळपास बसतो" म्हणून लावला की गंजलेल्या नटाचे कोपरे गोल होतात आणि मग छिन्नी मारण्याशिवाय इलाज राहत नाही. आठवीतल्या मुलीला अपूर्णांक येतातच. एक इंच म्हणजे आठ सूत, तर नऊ सोळांश इंचाचा पाना किती सुती, हे तिला काढायला सांगा. कोणत्या नटाला कोणता पाना हे ठरवण्याचे काम पूर्णपणे तिच्याकडे द्या.

आता धोक्याच्या गोष्टी, आणि यात कसलीही सवलत नको. केवळ जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरखाली तिने जायचे नाही, तुम्हीही जायचे नाही. खाली लाकडी ठोकळे किंवा लोखंडी घोडी पाहिजेच. मागच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेले असण्याची शक्यता आहे, तेव्हा चाक उतरवण्यापूर्वी ते काढून टाका, नाहीतर चाकाचा भार अंगावर येईल. ब्रेकचे ड्रम तुम्ही स्वतः उघडा. त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असे, म्हणून आतली धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या प्रेशरने उडवू नका. पाण्याने भिजवून ओल्या चिंध्यांनी पुसा, चिंध्या पिशवीत बांधून टाका आणि त्या वेळी मुलीला शेडमध्ये थांबू देऊ नका. नोझल चालू असताना त्यासमोर हात कधीही धरू नये. त्या दाबाचे डिझेल कातडीतून थेट आत शिरते, जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि हात गमवायची वेळ येते.

ओढ्याकाठची (विटा):

वरच्या फिटरकाकांच्या सूचनांत भर घालण्याइतके माझे इंजिनाचे ज्ञान नाही. मात्र मुलीला कोणती कामे द्यावीत, याविषयी मला सांगायचे आहे, कारण मी त्या मुलीच्या जागी होते. मी नववीत असताना माझ्या बाबांनी आणि मी आमचा बी-२७५ उभा केला. महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीतून कांदिवलीला बनलेला तो ट्रॅक्टर अजूनही आमच्याकडे ऊसाला पाळी घालतो. आज मी एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करते आणि मोजमापाची शिस्त मला त्या शेडमध्येच लागली.

माझी विनंती अशी की कामांचे "सोपी मुलीला, अवघड बापाला" असे तुकडे करू नका. त्याऐवजी ट्रॅक्टरची एक पूर्ण यंत्रणा उघडण्यापासून बंद करण्यापर्यंत तिच्या स्वाधीन करा. बाबांनी मला पाण्याची यंत्रणा दिली होती: रेडिएटर, होज पाइप, पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट. ही यंत्रणा लहान वाटते, पण तिच्यात नासधूस होण्यासारखे फारसे काही नसते आणि शिकण्यासारखे भरपूर असते. रेडिएटरमध्ये लिंबूसत घातलेले गरम पाणी मी रात्रभर ठेवले आणि सकाळी खालची तोटी उघडल्यावर वाहून आलेला तांबूस गाळ बादलीत जमा करून बाबांना दाखवला. थर्मोस्टॅट चांगला की वाईट हे तर स्वयंपाकघरातच ठरले. जुन्या पातेल्यात पाणी घेतले, थर्मोस्टॅट दोऱ्याने असा लटकवला की तो तळाला टेकू नये, शेजारी तापमापक धरला आणि पातेले मंद आचेवर ठेवले. त्याच्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास मधली चकती हळूहळू उचलली जायला लागली. तो आकडा मी वहीत लिहिला आणि त्याखाली "हा थर्मोस्टॅट ठेवायचा" असा शेरा मारला. आमचे शेजारी दुसरा घालावा असे सांगत होते, पण बाबांनी माझी वही पाहिली आणि तोच ठेवला. त्या निर्णयाने मला जे मिळाले, ते कितीही शाबासकी दिली असती तरी मिळाले नसते.

म्हणून वही तिच्याकडे असू द्या. प्रत्येक भाग उतरवण्याआधी फोटो, मग वहीत चित्र, नटबोल्ट वेगळ्या डब्यात आणि डब्यावर तिच्याच अक्षरात चिठ्ठी. पाना तिच्या हातात असताना नट निघायला वेळ लागेल, आणि तुम्हाला तो हातातून घेऊन स्वतः फिरवण्याचा मोह होईल. कृपया तो घेऊ नका. ती कंटाळून दोन दिवस शेडकडे फिरकली नाही, तर तिच्या मागे लागू नका आणि तिच्या वाटणीचे काम परस्पर उरकूनही टाकू नका. तिच्या मैत्रिणी आल्या तर त्यांना ट्रॅक्टर तिलाच दाखवू द्या. काय बिघडले आहे आणि का, हे दुसऱ्याला सांगताना तिला ते अधिक नीट कळेल.

तालुक्याचा माणूस:

कागदपत्रांविषयी थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार शेतीचा ट्रॅक्टर बिगर-परिवहन वाहन समजला जातो. अशा वाहनाची नोंदणी १५ वर्षे टिकते आणि त्यानंतर तपासणी होऊन तिचे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. मूळ मालकाचे निधन झालेले असल्यामुळे तुम्हाला वारस म्हणून नाव लावण्यासाठी फॉर्म ३१ आणि नूतनीकरणासाठी फॉर्म २५ भरावा लागेल. सोबत मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती तयार ठेवा. भाऊबहिणींच्या सह्या राहिल्यामुळेच बहुतेक प्रकरणे अडून राहतात. तपासणीच्या वेळी इंजिन नंबर आणि चासी नंबर स्पष्ट वाचता आला पाहिजे, म्हणून गंज काढताना त्या जागेवर ग्राइंडर फिरवू नका आणि जाड रंगही चढवू नका. आजच कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवून दोन्ही नंबर उमटवून घ्या. नोंदणी आणि विमा होईपर्यंत ट्रॅक्टर रस्त्यावर काढता येणार नाही. मुलीच्या बाबतीत परवान्याचे वय १८ आहे, हे लक्षात असू द्या.

माळरान (बार्शी):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सूचनांप्रमाणे आम्ही पंप उतरवून बार्शीत बेंचवर दिला. रोटर खरोखरच चिकटलेला होता. पंपवाल्यांनी तो सोडवला असून जोडी वाचली आहे. सिलिंडरमध्ये मिश्रण ओतून आठवडा गेल्यावर काल संध्याकाळी क्रँकचा नट थोडा हलला. मुलीने क्रँकपुलीवर खडूने रेघ मारून ठेवली होती, त्यामुळे ती हालचाल आधी तिच्या लक्षात आली. मला तर पाना घसरला असे वाटले होते. आज इंजिन पूर्ण फेरी घेते आहे आणि व्हॉल्व्ह सर्व मोकळे आहेत. ताईंच्या सांगण्यावरून पाण्याची यंत्रणा आणि एअर क्लीनर दोन्ही तिच्याकडे दिले आहेत. रंगाबाबत तिचे म्हणणे असे की आजोबांनी लिहून घेतलेली अक्षरे जशी आहेत तशी ठेवावीत. माझे मन मात्र नव्या लाल रंगाकडे ओढते. पंप परत बसवल्यावर पहिल्यांदा इंजिन चालू करताना काय काळजी घ्यावी, तेही कृपया सांगावे.

जुना फिटर (सांगली):

रोटर वाचला हे वाचून आनंद झाला. रंगाबद्दल मी मुलीच्या बाजूने आहे. नवा रंग कधीही देता येतो, पण त्या पेंटरचा हात परत मिळत नाही. गंज फक्त जिथे पत्रा खात आहे तिथे घासून प्रायमर लावा, मडगार्ड आणि रिम हवे तर रंगवा, आणि अक्षरांच्या भागावर साबणाच्या पाण्याचा बोळा फिरवून वर मेणाचे पॉलिश द्या. खबरदारी म्हणून अक्षरांवर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यांची नक्कल मात्र करून ठेवा.

चालू करण्यापूर्वी टाकी पूर्ण धुऊन, फिल्टर बदलून ताजे डिझेल भरा. चेंबरचे ऑइल आणि ऑइल फिल्टर नवे घाला. गीअरपेटीतले पांढुरके तेल काढून ताजे भरा. या गाडीत हायड्रॉलिकचा पंप त्याच तेलात बुडालेला असतो, त्यामुळे पाणी राहिले तर लिफ्टचे व्हॉल्व्हही चिकटतील. एअर क्लीनरच्या वाटीत खुणेपर्यंतच तेल घालायला मुलीला सांगा. जास्त भरलेले तेल इंजिन ओढून घेते आणि मग ते आवरत नाही. टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट, इंजिन थंड असताना ०.३० मिलिमीटरवर ठेवा. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकताना किंचित अडखळले पाहिजे, आणि ती अडखळ बोटांना ओळखता येणे हे तिने शिकण्यासारखे आहे.

डिझेलमधली हवा दोघांनी मिळून काढावी. तिने फीडपंपाची (टाकीतून डिझेल पुढे ढकलणाऱ्या छोट्या पंपाची) हातदांडी मारायची आणि तुम्ही स्क्रूकडे पाहायचे. दांडीला जोर लागत नसेल तर कॅम उचललेल्या जागी थांबलेला आहे असे समजून इंजिन हाताने एक फेरी फिरवा, म्हणजे दांडी काम करू लागेल. आधी फिल्टरवरचा बोल्ट सैल करा आणि बुडबुडे संपून सलग डिझेल आले की आवळा. मग पंपावरचा खालचा स्क्रू आणि शेवटी वरचा स्क्रू याच पद्धतीने घ्या. त्यानंतर नोझलच्या पाइपांचे नट एकेक आटा सैल करून सेल्फ मारा, डिझेल आले की आवळा. या टप्प्यावर तिला दोन पावले मागे उभी करा आणि चष्मा घालायला लावा.

आणखी एक तयारी ठेवा. स्टॉपची दांडी पंपाला नीट पोचते का ते आधी तपासा, आणि तरीही इंजिन वेग धरून थांबेनासे झाले तर हवेच्या तोंडावर दाबून धरता येईल अशी सपाट फळी हाताशी ठेवा. चाकांना पुढे-मागे ठोकळे, गीअर न्यूट्रलमध्ये, पीटीओ (अवजारे फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद. इंजिन लागल्याबरोबर ऑइल प्रेशरचा काटा पाहा; तो काही सेकंदांत उचलला नाही तर लगेच बंद करा. सुरुवातीचा पांढरा धूर इंजिन गरम होईल तसा कमी व्हायला हवा. तासाभराने इंजिन पुरते थंड झाल्यावर टॅपेट पुन्हा तपासा, पाइपांचे सगळे सांधे गळतीसाठी पाहा, आणि चिकटलेला डावा ब्रेक मोकळा होऊन दोन्ही ब्रेक सारखे लागेपर्यंत ट्रॅक्टर शेडबाहेर काढू नका.